अर्ध्या पानासाठी तिसरा कागद

यंत्रांचे आराखडे तपासणाऱ्या माणसाने गोष्टीच्या उत्तरांना गुण कसे द्यावेत, हा प्रश्न मी स्वतःच प्राचार्यांना विचारला होता. त्यांनी नियमावली पुढे केली. लेखन आणि साहित्य या विषयाची प्रत्येक उत्तरपत्रिका दोघांनी तपासायची, आणि त्यातला एक परीक्षक दुसऱ्या विभागाचा असायचा. हिशेबाचे सर रजेवर होते, रसायनाच्या बाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, आणि उरलो होतो मी. तंत्रविद्यालयात शिकलेला, जन्मभर यंत्रचित्र शिकवलेला आणि निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोनदा टी-पट्टी घेऊन फळ्यापुढे उभा राहणारा.

"तुम्हाला वाचता येतं ना?" प्राचार्य म्हणाले. "मग झालं तर."

नियमाचा आणखी एक भाग होता. उत्तरपत्रिका आधी परक्याने पाहायच्या आणि मग शिकवणाऱ्याने. उलटे केले तर परका माणूस शिकवणाऱ्याच्या गुणांवर बरोबरच्या खुणा करून मोकळा होतो, असा पूर्वानुभव होता. या नियमामागचा विचार मला पटला. ज्याने भाग घडवला त्यानेच तो तपासला, तर माप नेहमी बरोबरच येते.

विषय शिकवणाऱ्या बाई आणि मी शिक्षक-खोलीतल्या एकाच टेबलाच्या समोरासमोरच्या बाजूंना अनेक वर्षे बसत आलो आहोत. माझ्या बाजूला पेन्सिली उंचीच्या क्रमाने लावलेल्या असतात. त्यांच्या बाजूला कागदांचा डोंगर असतो आणि त्याच्या पोटात कुठेतरी कालचा चहाचा कप सापडतो. त्या मला दादा म्हणतात. भांडण झाले की साहेब म्हणतात, आणि मिटले की पुन्हा दादा.

त्यांचा वर्ग सकाळी, लोकांच्या पाळ्या सुरू होण्याआधी, कर्मशाळेच्या वरच्या मजल्यावर भरे. तिथल्या बाकांना पूर्वी बसवलेल्या लोखंडी पकडींचे बोल्ट अजून होते. माझी आराखड्यांची खोली त्याला लागूनच, मधे नुसता लाकडी पडदा. त्यामुळे हा वर्ग मी न शिकताही बराच शिकलो होतो. शिक्षण अर्ध्यावर सोडून कामाला लागलेली आणि आता पुन्हा आलेली ही मंडळी. शहरबसचा एक चालक होता. गोष्टीतले कोणतेही पात्र कुठून निघाले आणि कुठे पोचले, हे त्याला आधी कळावे लागे. सीमेपलीकडून आलेली एक मुलगी होती. तिची घरची भाषा एक, कामावरची दुसरी आणि वर्गातली तिसरी. रागावली की ती पहिलीत बोले, हिशेब दुसरीत करी आणि तिसरीत चुका करून स्वतःच हसे. तिला सगळे दुभाषी म्हणत.

आणि एका बाकावर शेजारी शेजारी बसत एक सासू आणि तिची सून.

सून रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करून घड्या घालण्याचे काम करी. हातात येईल त्याची चौकोनी घडी घालण्याची तिला सवय होती, उत्तरपत्रिकेचीही. वर्गाने तिचे नाव घडी ठेवले होते. तिला परिचारिकेच्या प्रशिक्षणाला जायचे होते. जागा मिळण्यासारखी होती, वरिष्ठ परिचारिकेची शिफारसही होती, फक्त हा एक विषय दोनदा राहिला होता. पुढच्या वर्षी तिचे वय मर्यादेबाहेर जाणार होते. म्हणजे या वेळी झाले तर झाले, नाहीतर जन्मभर चादरी. दोन्ही वेळा ती एकाच कारणाने नापास झाली होती. हाती घेतलेले अर्धे सोडणे तिला जमत नसे. एका प्रश्नाचे उत्तर ती पार तळापर्यंत नेई आणि बाकीचे प्रश्न कोरे राहत.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तिने नाव काढून घ्यायचे ठरवले. तेव्हा सासूबाईंनी स्वतःचेही नाव घातले.

"मी येते बरोबर," त्या म्हणाल्या होत्या. "बघते कशी नापास होतेस ती."

तेव्हापासून त्या साऱ्या वर्गाच्या सासूबाई झाल्या. त्यांच्याहून वयाने मोठा असलेला चालकही त्यांना सासूबाईच म्हणे.

बाईंची शिकवण्याची एक पद्धत होती. गोष्टीचा शेवट त्या वर्गात कधीही बोलत नसत. सुरुवात, पात्रे, भाषा यांवर रणधुमाळी होई. पण शेवटाजवळ आले की त्या पुस्तक मिटत. "शेवटाचं तुम्ही मला सांगायचं, परीक्षेत. मी आधी सांगितलं तर तुम्ही माझंच मला वाढून द्याल." कोणी वर्गात शेवटाचा विषय काढलाच तर त्या कानांवर हात ठेवीत. पडद्याआडून हे ऐकताना मला ही पद्धत थोडी धोक्याची वाटे. कामाचा एक पूर्ण टप्पा तपासणीविना पुढे जातो, असे मी त्यांना एकदा म्हणालोही होतो.

"दादा, ही गोष्ट आहे. बॉयलर नाही," त्या म्हणाल्या होत्या.

या वेळच्या परीक्षेत एका नावाड्याची गोष्ट होती. नदीवर पूल झाला आहे. दुसऱ्या दिवसापासून होडीला कोणी विचारणार नाही. शेवटच्या फेरीला एकच उतारू, गाठोडे घेऊन लेकीकडे निघालेली एक बाई. प्रश्न असा होता: या गोष्टीच्या शेवटाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

मूळ आराखडा पाहिल्याशिवाय सुट्या भागाला हात लावायचा नाही, ही माझी शिस्त. म्हणून मी बाईंच्या डोंगरातून मूळ पुस्तक काढले आणि गोष्ट शेवटपर्यंत वाचली. होडी मधोमध येते तेव्हा नावाडी वल्ही वर उचलतो. पान उलटले की पुढे अर्धे पान आहे. बाई घाबरून विचारते, काय झाले? तो म्हणतो, खांदा भरून आला. मग तो तिला काठाला लावतो, होडी बांधतो आणि घरी जाण्यासाठी पुलावरून चालू लागतो. गोष्ट मला आवडली. मग मी लाल पेन्सिल घेऊन उत्तरपत्रिकांकडे वळलो.

पहिल्या उत्तरात लिहिले होते की नावाडी वल्ही उचलतो आणि गोष्ट संपते. मी चुकीची खूण केली. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही. चौथ्या उत्तरपत्रिकेला मी पेन्सिल खाली ठेवली. एका माणसाचा भाग चुकला तर माणसाला विचारावे; सगळ्यांचा एकाच जागी चुकला तर साचा पाहावा.

"बाई, वर्गाला वाटलेली प्रत दाखवा बरं."

त्यांनी डोंगरातून ती ओढून काढली. दोन कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले. चौथ्या बाजूच्या तळाशी शेवटचे वाक्य होते: 'होडी मधोमध आली तेव्हा त्याने वल्ही वर उचलली.' त्यापुढे पूर्णविराम, आणि त्यापुढे काहीच नाही.

बाईंनी कागद उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

प्रती काढणाऱ्या काकांची खोली जिन्याखाली होती. ते शांतपणे म्हणाले, "ते अर्धं पान होय? अर्ध्या पानासाठी तिसरा कागद कशाला, म्हटलं. सगळ्या वर्गाचे किती होतात बघा. आणि भिंतीवर तुम्हीच लावून ठेवलंय, कागद वाचवा म्हणून."

"अहो, पण गोष्टीचा शेवट होता तो."

"मला वाटलं, शेवट तुम्ही सांगतच नाही. वर्गात सगळे असंच म्हणतात."

आम्ही जिना चढून वर आलो.

"दिलेल्या कागदाप्रमाणे तपासायचं," बाई म्हणाल्या. "त्यांच्यापुढे जे होतं तेवढंच ते वाचणार."

मला हे मान्य होते. कर्मशाळेत कारागिराचे काम त्याच्या हाती दिलेल्या आराखड्यावरून तपासतात. साहेबाच्या कपाटात दुसरा आराखडा असला तर तो साहेबाचा प्रश्न. मी लाल खुणा खोडल्या आणि पुन्हा सुरुवात केली.

आणि खरे सांगायचे तर माझी ती दुपार फार सुखाची गेली. या लोकांना गोष्ट अर्धी मिळाली होती, पण एकालाही ती अपुरी वाटली नव्हती. प्रत्येकाने होडी तिथेच का थांबली याचे कारण शोधून काढले होते. नावे झाकलेली होती, पण लिहिण्यावरून माणूस कळत होता. चालकाने लिहिले होते, 'शेवटच्या फेरीला प्रत्येक चालक गाडी थोडी हळू घेतो. आगारात कोणी विचारलं तर रहदारी होती असं सांगतो.' दुभाषीने लिहिले होते, 'नदीच्या मधोमध माणूस कोणत्याच काठाचा नसतो. तिथे तो फक्त ओला असतो.' सासूबाईंनी चारच ओळी लिहिल्या होत्या: 'त्याला पलीकडून कोणी हाक मारत नाही आणि अलीकडूनही नाही. सगळे जेवून उठले की मी भांड्यांना हात लावायच्या आधी अशीच बसते. तेवढा वेळ माझा असतो. कोणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणून सांगते.'

मूळ गोष्टीतला नावाडी खांद्याचे निमित्त सांगतो, हे सासूबाईंना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. मी ते उत्तर बाईंना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग गठ्ठ्यात चौकोनी घडी घातलेली उत्तरपत्रिका आली. ती कोणाची ते वेगळे सांगायला नको होते. या वेळी तिने सगळे प्रश्न सोडवले होते, त्यामुळे बाकीचे गुण जेमतेम जागेवर होते. पास की नापास, हे या एका प्रश्नावर ठरणार होते. मी उलगडून वाचले.

'नावाड्याने थोडा दम घेतला आणि बाईला काठाला नेलं. काठ निसरडा होता म्हणून त्याने तिला हात दिला आणि गाठोडं नंतर दिलं. लेक घ्यायला आली होती. मग नावाड्याने होडी नीट बांधली आणि तो घरी गेला.'

शेवटाचा अर्थ नव्हताच. तिने गोष्ट पुढे वल्हवत नेली होती.

मी कागद टेबलावर सरकवला. बाईंनी वाचला. अडचण दोघांच्याही एकदमच लक्षात आली. दिलेल्या कागदाप्रमाणे तपासले तर सगळा वर्ग पास आणि ही एकटी नापास, कारण त्या कागदावर बाई काठाला लागतच नाही. मूळ पुस्तकाप्रमाणे तपासले तर ही एकटी पास आणि सगळा वर्ग, सासूबाईंसकट, नापास.

"तिनं पुस्तक पाहिलं असेल का?" मी विचारले.

"पुस्तक पाहिलं असतं तर पूल आला असता. तिच्यात पूल कुठाय? तिला त्या बाईला पाण्यात सोडवेना, एवढंच."

"मग?"

"मग हिला मूळ गोष्टीप्रमाणे देऊ या, बाकीच्यांना कागदाप्रमाणे."

"एकाच खेपेतल्या भागांना दोन फूटपट्ट्या?"

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुमच्या फूटपट्टीनं एक बाई जन्मभर इस्त्री करत राहील."

"आणि तुमच्या फूटपट्टीनं ती दयेवर पास होईल. उद्या वॉर्डात उभी राहिली की तिला ते आठवेल. मी तिथे सही करणार नाही."

शब्द कडक होते, पण तिचा आवाज माझ्या ओळखीचा होता. पडद्याआडून मी तिला तीन वर्षे ऐकत होतो. बाई प्रश्न विचारीत आणि ती म्हणे, "थांबा बाई, आधीचं संपू दे."

त्या दिवशी आम्ही एकाच टेबलावर पाठ फिरवल्यासारखे बसलो. संध्याकाळी मला कर्मशाळेतली एक जुनी रीत आठवली. कारागिराला सदोष आराखडा गेला असेल, तर त्याचे काम भंगारात टाकत नाहीत आणि डोळे मिटून पासही करत नाहीत. त्याला बरोबर आराखडा देतात आणि म्हणतात, आता बसवून दाखव. मी बाईंना तेवढेच सांगितले. त्या म्हणाल्या, "हे सकाळी सुचलं असतं तर माझं डोकं दुखलं नसतं, दादा." आम्ही प्राचार्यांकडे गेलो. प्रश्नच सदोष असेल तर निकाल लागण्याआधी तो नव्याने विचारता येतो, असे नियमावलीतच निघाले.

वर्ग बोलावला. बाईंनी ते अर्धे पान प्रत्येकाच्या हातात दिले आणि काय घडले ते सरळ सांगितले. सगळ्यांनी ते तिथेच वाचून काढले.

"पुलावरून चालत गेला?" चालक म्हणाला. "ज्या पुलानं पोटावर पाय दिला, त्याच पुलावरून?"

"मग काय पोहत जाईल?" दुभाषी म्हणाली.

"मी तर त्याला नदीतच ठेवला होता. छान बसला होता बिचारा," सासूबाई म्हणाल्या. "एवढंसं पान, सगळा विचका केला."

चालकाने घडीकडे पाहिले. उत्तरे परीक्षेनंतर जिन्यातच एकमेकांना सांगून झाली होती. "हिचं बरोबर आलं की. आता ही एकटी पास, आणि आपण सगळे पुन्हा पुढच्या वर्षी याच बाकांवर."

"होऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "मला कुठं जायचंय? ही जाऊ दे."

"आई, गप्प बसा ना," सून हळूच म्हणाली.

"सांगून ठेवते फक्त. तुमच्यातलं कोणी तक्रार करणार असेल तर आधी माझ्याकडं यायचं."

कोणाचीच तशी छाती नव्हती.

नवा प्रश्न बाईंनी फळ्यावर लिहिला: या दोन शेवटांपैकी तुम्ही कोणता ठेवाल, आणि का? लिहिण्याआधी पाणी प्यायला म्हणून घडी बाहेर आली आणि माझ्या खोलीच्या दारात थांबली. सासूबाई मागोमाग होत्याच.

"सर, मागच्या उत्तरात माझं काय चुकलं? मला सांगा, नाहीतर मी पुन्हा तेच करीन."

"परीक्षा संपेपर्यंत मला सांगता येत नाही. नियम आहे."

"चल गं," सासूबाई म्हणाल्या. "मिलिमीटरचा कधी सेंटिमीटर होत नसतो." मग त्यांच्या लक्षात आले की हे नाव माझ्या पाठीमागे घ्यायचे असते. त्यांनी जीभ चावली, पदर सावरला आणि सुनेला पुढे घालून निघून गेल्या. माझे वर्गातले नाव मला तेव्हा अधिकृतपणे कळले.

या वेळीही उत्तरपत्रिका आधी माझ्याकडे आल्या. बाई समोर बसून दुसरेच काहीतरी वाचत असल्याचे दाखवत होत्या. त्यांनी बराच वेळ पान उलटले नव्हते. चौकोनी घडी मी मुद्दाम शेवटी ठेवली. मग उलगडली.

'मी मधोमधचा शेवट ठेवीन. पहिल्यांदा मी बाईला काठाला लावली, कारण ती पोचली असं कोणी लिहिलंच नव्हतं आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. आता कागदावर आलं आहे की ती पोचते. पोचणार हे माहीत असलं तर होडी थोडा वेळ थांबली तरी चालते. त्याने एवढी वर्षं लोकांना पलीकडे नेलं, पण नदीकडे बघायला तो थांबला नसेल. वल्ही खाली असली की पाणी हलतं आणि काही दिसत नाही. वर उचलली की पाणी स्थिर होतं. तो ते बघतो आहे. बघू दे. पण हे अर्धं पान फेकून देऊ नका. ते कोणीतरी जवळ ठेवायला पाहिजे.'

मी ते दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, तरी वाचले. मग गुण लिहिले, सही केली आणि कागद त्याच्या घड्यांवरूनच पुन्हा मिटून बाईंकडे दिला.

"किती दिलेत?"

"तुम्ही तुमचे द्या. नियम आहे."

त्यांनी वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि गुण लिहिले. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले. माझा आकडा त्यांच्याहून एकाने जास्त होता.

"दादा," त्या म्हणाल्या, "हे काय?"

"वल्ह्यांचं पाणी तिनं पाहिलंय. तुमच्या पुस्तकातसुद्धा नाही ते."

घडी प्रशिक्षणाला गेली. वर्गही सगळा पास झाला. चालकाने पुलाच्या बाजूने लिहिले होते आणि शेवटी मान्य केले होते की बसही पुलावरूनच जाते. प्रती काढणाऱ्या काकांनी पुढच्या सत्रात न सांगता तिसरा कागद काढून आणला. बाईंनी आभार मानून तो गठ्ठा खणात ठेवला आणि वर्गाला दोनच कागद वाटले. तिसरा आता उत्तरे लिहून झाल्यावर देतात. मी त्या खणावर चिठ्ठी लावून दिली आहे, म्हणजे डोंगरात हरवायला नको.

नव्या सत्राच्या पहिल्या सकाळी पडद्यापलीकडून ओळखीचा आवाज आला, म्हणून मी डोकावलो. सासूबाई पुढच्या विषयाचे पुस्तक घेऊन बसल्या होत्या. शेजारची जागा रिकामी होती आणि तिच्यावर त्यांनी पिशवी ठेवली होती.

"तुम्ही इथे कशा?" मी म्हणालो. "सुनेसाठी येत होता ना?"

"ती पोचली तिकडं," सासूबाई म्हणाल्या. "आता मी जरा थांबले तर काय बिघडलं?" आणि पिशवी उचलून त्यांनी दारात घुटमळणाऱ्या एका नव्या बाईला शेजारी बसायला जागा करून दिली.